आपले प्रश्न : वीज कोणाची, तारा कोणाच्या?

विजेविषयी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. विषय वेगवेगळे दिसले, तरी चारही पत्रांच्या मुळाशी एकच गुंता आहे. आपण युनिटमागे जो दर भरतो त्यात विजेची किंमत, ती घरापर्यंत आणणाऱ्या तारांची किंमत आणि दुसऱ्या ग्राहकांना दिलेल्या सवलतीचा वाटा अशा तीन गोष्टी मिसळलेल्या असतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ४० किलोवॉटचा सौर संच बसवण्याचा ठराव सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. वीज वितरणातून निवृत्त झालेले एक सभासद म्हणतात की, आपण जे बिल वाचवू त्याचा बोजा शेवटी सौर संच नसलेल्या ग्राहकांवर पडेल, आणि म्हणूनच आज ना उद्या नियम बदलतील. यात तथ्य किती? — सोसायटीचे सचिव, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : त्या सभासदांच्या म्हणण्यात तथ्य आहे, मात्र ते किती आहे, हे आपली सोसायटी कोणत्या फिडरवर (उपकेंद्रातून आपल्या भागाला वीज आणणाऱ्या वाहिनीवर) आहे आणि त्या फिडरवर कोणत्या वेळी ताण येतो यावर ठरते.

आधी ढोबळ हिशेब मांडू. महाराष्ट्रात १ किलोवॉटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देतो. ठाण्याच्या पावसाळ्यात हा आकडा बराच खाली येतो आणि उन्हाळ्यात भरून निघतो. त्या हिशेबाने ४० किलोवॉटचे दिवसाला १६० आणि महिन्याला सुमारे ४,८०० युनिट होतात. प्रत्येक किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावलीविना गच्ची लागते, तेव्हा पाण्याच्या टाक्या, लिफ्टची मशिनरूम आणि शेजारच्या टॉवरची दुपारनंतर सरकत येणारी सावली वजा करून ४,००० चौरस फूट उरतात की नाही, हे ठरावाआधी मोजून घ्यावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराच्या संचाला प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे आपल्या संचाला ७,२०,००० रुपये मिळू शकतात. स्वतंत्र घराला ३ किलोवॉटपर्यंत मिळणारे ७८,००० रुपये हा वेगळा प्रकार आहे. पुरवठादारांच्या माहितीपत्रकांत या दोन्हींची सरमिसळ सर्रास दिसते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. संच वीज बनवतो तो साधारण सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात. सोसायटीच्या सामाईक मीटरचा खरा वापर मात्र सकाळी पंप चालतो तेव्हा आणि संध्याकाळी माणसे कामावरून परततात तेव्हा असतो. उरलेली दुपारची वीज आपल्या मीटरमधून बाहेर पडते आणि फार लांब न जाता त्याच ट्रान्सफॉर्मरवरच्या शेजारच्या इमारतींत खपते. संध्याकाळी तितकीच वीज आपण परत घेतो. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे दिलेली युनिटे घेतलेल्या युनिटांतून वजा करून बिल काढण्याच्या पद्धतीत, या दोन्ही युनिटांची किंमत सारखी धरली जाते. दुपारी तीनचे युनिट आणि संध्याकाळी साडेसातचे युनिट बाजारात मात्र एका भावाचे नसते, कारण दुपारी राज्यात सौर वीज मुबलक असते आणि संध्याकाळी ती नसताना मागणी चढते.

समजा, आपल्या सामाईक मीटरला युनिटमागे एकंदर १२ रुपये पडतात आणि त्यांपैकी वीजखरेदीचे ५ रुपये आहेत. हे आकडे केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. ४,८०० युनिट कमी घेतल्याने सोसायटीचे महिन्याला ५७,६०० रुपये वाचतील, पण वितरण कंपनीचा खर्च वाचेल तो २४,००० रुपयांचाच. मधले ३३,६०० रुपये उपकेंद्र, केबल, ट्रान्सफॉर्मर, कर्मचारी आणि सवलतीच्या ग्राहकांचा वाटा यांसाठी होते. हा खर्च आपण सौर संच बसवला म्हणून कमी होत नाही, त्यामुळे पुढच्या दरनिश्चितीत तो उरलेल्या युनिटांवर वाटला जातो. दर वाढले की आणखी सोसायट्यांना गच्ची आठवते आणि बोजा वाहणारी युनिटे आणखी घटतात. तळमजल्यावरचा सभासद 'मी लिफ्ट वापरत नाही' म्हणून देखभाल खर्च नाकारतो तेव्हा सभेत होणारा वाद आपण पाहिला असेलच. येथे फरक इतकाच की सौर संच असलेला ग्राहक दिवसा नाही तरी रात्री रोज लिफ्ट वापरत असतो.

हा झाला हिशेबाचा एक भाग. दुसरा भाग आपल्या निवृत्त सभासदांनाही मान्य व्हावा. ग्राहकाच्या दारातच तयार होणारी वीज लांबच्या पारेषण वाहिन्यांतून यावी लागत नाही, त्यामुळे वाटेतली गळती वाचते. शिवाय ज्या फिडरवर सर्वाधिक ताण दुपारी येतो, तेथे गच्चीवरच्या संचांमुळे ट्रान्सफॉर्मर बदलण्याचा खर्च काही वर्षे पुढे ढकलता येतो. वागळे इस्टेटमधल्या कार्यालयांच्या फिडरवर वातानुकूलनामुळे दुपारीच मागणी चढत असेल, तर तेथील सौर संच तारांच्या खर्चालाही हातभार लावतो. घोडबंदर रस्त्याच्या निवासी फिडरवर मागणीचा कळस रात्री येत असेल, तर तोच संच, तेवढीच युनिटे देऊनही, केबलचा एक रुपया वाचवत नाही. संच बॅटरीसह असेल तर गणित पुन्हा पालटते. ठिकाण आणि वेळ पाहून मोबदला देणारी दररचना आपल्याकडे नाही. म्हणून काही ग्राहकांना वाजवीपेक्षा जास्त मिळते आणि काहींना कमी.

नियम बदलण्याची भीती अनाठायी नाही. कॅलिफोर्नियात १५ एप्रिल २०२३ नंतर अर्ज करणाऱ्यांना ग्रिडमध्ये सोडलेल्या विजेचा मोबदला आधीपेक्षा सरासरी पाऊण हिश्शाने कमी झाला. जुन्या ग्राहकांना मात्र जुनी व्यवस्था ठरलेल्या मुदतीपर्यंत ठेवली गेली. महाराष्ट्रात २०१९ च्या अखेरीस झालेल्या विनियमांत नेट मीटरिंग कायम राहिले, पण राज्यातील छतांवरची एकूण क्षमता ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावर ग्रिड वापराचा आकार लावण्याची तरतूदही त्यातच आहे. १० किलोवॉटपर्यंत मंजूर भार असलेल्यांना त्यातून वगळले आहे. आपल्या सामाईक मीटरचा मंजूर भार त्याहून बराच जास्त असणार. वर्षअखेरीस उरलेली जास्तीची युनिटे राज्य वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेतली जातात आणि तो दर आपण भरतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. तेव्हा संच आपल्या वार्षिक वापरापेक्षा मोठा घेऊ नये. परतफेडीचा हिशेब सभेपुढे ठेवताना पुरवठादाराने दिलेल्या तक्त्यात दर वर्षी दरवाढ गृहीत धरलेली असते, ती काढून टाकून आणि ग्रिड आकार लागेल असे धरून एकदा मांडावा. तसे केल्यावरही गुंतवणूक पाच-सहा वर्षांत वसूल होत असेल, तर ठराव बिनदिक्कत मांडावा.

शेजाऱ्यांवर बोजा पडतो म्हणून सोसायटीने संच बसवू नये, असे मला वाटत नाही. तारांचा खर्च युनिटच्या दरात लपवण्याची पद्धत सोसायटीने पाडलेली नाही आणि ती दुरुस्त करणे आयोगाचे काम आहे. दुरुस्ती होईल तेव्हा स्थिर आकार (वापर कितीही असो, दरमहा लागणारी रक्कम) वाढेल आणि युनिटचा दर उतरेल. त्यात कमी वापराच्या गरीब घरांवर एकदम स्थिर आकाराचा भार येऊ नये, म्हणून तो मंजूर भाराच्या टप्प्यांनुसार लावावा लागेल.

प्रश्न : आमच्याकडे महावितरणचे बिल येत नाही, खासगी कंपनीचे येते. वीज महाग वाटली तर आम्हाला परत महावितरणकडे जाता येईल का? — एक गृहिणी, कळवा

उत्तर : जाता येणार नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने आपण अजूनही महावितरणच्याच ग्राहक आहात. मुंब्रा, शीळ आणि कळवा भागात १ मार्च २०२० पासून टोरंट पॉवर ही महावितरणची फ्रँचायझी म्हणून काम पाहते. भिवंडीत हीच पद्धत जानेवारी २००७ पासून आहे. परवाना महावितरणकडे आहे आणि दरपत्रक आयोगाने महावितरणसाठी मंजूर केलेलेच लागते, म्हणून कळव्यात आणि नौपाड्यात युनिटच्या दरात फरक नसतो. फ्रँचायझीला महावितरणकडून वीज लिलावात ठरलेल्या दराने मिळते. गळती आणि थकबाकी जितकी कमी होईल तितका तिचा फायदा, त्यामुळे मीटर बदलणे आणि वसुली यांवर तिचा जोर दिसतो. येथे कंपन्यांची चुरस एकदाच, निविदेच्या वेळी झाली. ग्राहकाला रोज निवड करण्याची सोय त्यात नाही. बिलाबद्दल तक्रार असल्यास आधी ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि तेथे समाधान न झाल्यास विद्युत लोकपालांकडे जाता येते.

प्रश्न : नवी मुंबईत दुसरी वीज कंपनी येणार, असे काही वर्षांपासून ऐकतो. दोन कंपन्या आल्या तर स्पर्धेमुळे दर उतरायलाच हवेत. मग कर्मचारी संघटना आणि काही ग्राहक संघटना विरोध का करतात? — निवृत्त बँक अधिकारी, नेरुळ

उत्तर : ऑक्टोबर २०२२ मध्ये अदानी समूहाच्या कंपनीने मुलुंड, भांडुप, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण या पट्ट्यासाठी समांतर वितरण परवान्याची मागणी केल्याचे आपण वाचले असेल. त्याविरोधात महावितरणसह तिन्ही सरकारी वीज कंपन्यांचे कर्मचारी ४ जानेवारी २०२३ रोजी तीन दिवसांच्या संपावर गेले आणि उपमुख्यमंत्र्यांशी झालेल्या बैठकीनंतर त्याच दिवशी संप मागे घेतला गेला. समांतर परवान्याला कायद्याची आडकाठी नाही. विद्युत कायदा २००३ च्या कलम १४ नुसार एकाच क्षेत्रात दुसऱ्या कंपनीला परवाना देता येतो; अट अशी की तिने वीज स्वतःच्या वितरण यंत्रणेतून द्यावी. लहान प्रमाणात ही गोष्ट नवी मुंबईत आधीच घडलेली आहे. ऐरोलीतील माइंडस्पेस आणि गिगाप्लेक्स या विशेष आर्थिक क्षेत्रांचे विकासक आपापल्या आवारात स्वतः वितरण परवानाधारक आहेत.

'स्वतःच्या यंत्रणेतून' या अटीतच सगळी ग्यानबाची मेख आहे. वीज कोणाकडून घ्यायची यात स्पर्धा होऊ शकते, कारण वीजनिर्मिती करणारे अनेक आहेत. तारांचे तसे नाही. पाम बीच रस्त्याखाली एक केबल असताना शेजारून दुसरी टाकली, तर दोन्हींवरचा भार निम्मा होतो आणि खर्च दुप्पट. रस्ता खणण्याची परवानगी, पुनर्भरणाचे शुल्क आणि उपकेंद्रासाठी सिडकोकडून मिळणारा भूखंड हे सगळे त्या खर्चात धरावे लागते. अखेरीस दोन्ही जाळ्यांचे पैसे ग्राहकांच्याच बिलांतून येतात. अशा धंद्यात एकच जाळे स्वस्त पडते, म्हणून जगभर ते नियंत्रित मक्तेदारी म्हणूनच चालते.

याचा प्रत्यक्ष अनुभव मुंबईच्या उपनगरांत येऊन गेला आहे. टाटा पॉवरला तेथे किरकोळ ग्राहकांना वीज विकण्याचा अधिकार आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये दिला. ऑक्टोबर २००९ मध्ये आयोगाने वाट मोकळी केली आणि तेथे आधीपासून वीज देणाऱ्या रिलायन्सच्याच तारांवरून टाटांची वीज घेण्याची सोय ग्राहकांना मिळाली. तारा बदलायच्या नव्हत्या, रिलायन्सला वहन आकार (तारा वापरल्याचे शुल्क) द्यायचा आणि विजेचे बिल टाटांचे भरायचे. दरांत तफावत होती, त्यामुळे हजारो ग्राहकांनी कंपनी बदलली. यात फायदा सर्वाधिक होता तो जास्त वीज वापरणाऱ्यांचा, आणि तेच आधी गेले. मागे राहिलेल्या कमी वापराच्या ग्राहकांना ज्यांच्या पैशातून सवलत मिळत होती, तेच निघून गेल्याने कंपनी बदललेल्या ग्राहकांवर आयोगाला २०११ मध्ये क्रॉस सबसिडी अधिभार, म्हणजे दुसऱ्यांच्या सवलतीचा वाटा भरून काढणारा आकार, लावावा लागला. ऑगस्ट २०१२ मध्ये टाटा पॉवरने ० ते ३०० युनिट वापराच्या ग्राहकांवर लक्ष द्यावे, असा आदेश निघाला. टाटांनी स्वतःच्या तारा टाकायला घेतल्या तेव्हा एकाच गल्लीत दोन जाळी कशाला, हा वाद अपील न्यायाधिकरणापर्यंत गेला आणि जेथे चांगले जाळे आहे तेथे दुसरे टाकण्याला २०१४ मध्ये लगाम बसला. दोन कंपन्यांच्या स्पर्धेपेक्षा वकिलांच्या फीवर जास्त खर्च झाला, असे कोणी उपहासाने म्हटले तर मी वाद घालणार नाही.

ठाणे-नवी मुंबईत हाच प्रश्न अधिक तीव्र होईल. मुंबईच्या कंपन्यांकडे शेतीपंप नव्हते. महावितरणकडे राज्यभरचे आहेत, आणि त्यांच्या सवलतीचा मोठा वाटा उद्योग, व्यापारी आस्थापना आणि जास्त वापराची शहरी घरे यांच्या दरांतून उभा राहतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने, महापे-रबाळेतील डेटा सेंटर, वाशी-नेरुळमधले वातानुकूलित फ्लॅट हे महावितरणचे सर्वांत नियमित पैसे भरणारे ग्राहक आहेत. गळती कमी आणि वसुली चांगली असलेला हा पट्टा नव्या कंपनीने मागावा, यात नवल नाही. तिने गडचिरोलीचा परवाना मागितला असता तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या. तेव्हा संघटनांचा विरोध नोकरीच्या काळजीतून होत असला, तरी त्यातला आर्थिक मुद्दा खोटा ठरत नाही.

मग स्पर्धा नकोच का? माझे मत असे की तारांत नको आणि विजेत हवी, पण त्यासाठी आधी हिशेब वेगळे व्हायला हवेत. तारांची मालकी आणि देखभाल एका नियंत्रित कंपनीकडे राहील आणि तिचा वहन आकार प्रत्येकाने भरायचा. सवलतीचा भारही, मग वीज कोणाकडूनही घ्या, वहन आकाराबरोबर सर्वांकडून समान वसूल करायचा, किंवा सरकारने तो थेट तिजोरीतून द्यायचा. त्यानंतर उरलेल्या विजेच्या भागासाठी कितीही विक्रेते येऊ द्यावेत. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात सामाईक जाळ्याची कल्पना होती. ते स्थायी समितीकडे गेले आणि लोकसभेच्या मुदतीबरोबर रद्द झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या नव्या मसुद्यात ही कल्पना पुन्हा आहे.

एवढे करूनही दर उतरतीलच, अशी हमी मी देणार नाही. ब्रिटनमध्ये तारा प्रादेशिक मक्तेदारीत ठेवून विक्री खुली केली गेली आणि १९९९ पर्यंत घरगुती ग्राहकांना विक्रेता निवडता येऊ लागला. २०२१ मध्ये गॅस आणि विजेचे भाव भडकले तेव्हा त्यांची आगाऊ तजवीज न केलेल्या सुमारे तीस विक्रेत्या कंपन्या बंद पडल्या. १५ लाखांहून अधिक ग्राहक असलेली बल्ब ही कंपनी सरकारला हाती घ्यावी लागली, आणि बुडालेल्या कंपन्यांच्या ग्राहकांना सांभाळण्याचा खर्च सर्वांच्या बिलांत आला. आपल्या महावितरणच्या बिलावर 'वीज आकार' आणि 'वहन आकार' अशा दोन वेगळ्या ओळी असतात, त्या या महिन्यात जरूर वाचा. आपण ज्या स्पर्धेची वाट पाहत आहात ती फक्त पहिल्या ओळीत होऊ शकते.

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत माझे यंत्रांच्या सुट्या भागांचे छोटे वर्कशॉप आहे. मंजूर भार ६० किलोवॉट. मोठे कारखाने बाहेरून स्वस्त सौर वीज घेतात, तशी मला घेता येईल का? — लघुउद्योजक, रबाळे

उत्तर : सध्याच्या एका जोडणीवर नाही. बाहेरून वीज घेण्यासाठी पूर्वी १ मेगावॉटची किमान मर्यादा होती. जून २०२२ च्या केंद्रीय नियमांनी हरित विजेसाठी ती १०० किलोवॉटवर आणली. त्याच विद्युत विभागात आपल्या आणखी जोडण्या असतील आणि सगळ्यांचा मिळून भार १०० किलोवॉट होत असेल, तर मात्र अर्ज करता येतो. दर विचारताना विक्रेत्याच्या भावात वहन आकार, पारेषण आकार, गळती आणि क्रॉस सबसिडी अधिभार मिळवूनच तुलना करावी, कारण जाहिरातीत पहिला आकडाच असतो. अधिभारातून सूट हवी असेल तर सामूहिक कॅप्टिव्ह प्रकल्पात, म्हणजे वापरणाऱ्यांनीच मिळून स्वतःसाठी उभारलेल्या वीजप्रकल्पात, भागीदार व्हावे लागते. त्यात वापरणाऱ्यांकडे मिळून किमान २६ टक्के मालकी असावी आणि प्रकल्पाची किमान ५१ टक्के वीज त्यांनीच वापरावी, अशी २००५ च्या नियमांची अट आहे. आपल्या आकाराच्या उद्योगाला ही कागदपत्रे आणि अडकणारे भांडवल परवडेल असे वाटत नाही.

आपल्याला सोयीची वीज शेडच्या छतावरचीच आहे. वर्कशॉप दिवसा चालत असल्याने तयार झालेली जवळपास सगळी वीज तेथेच खपते, ग्रिडमध्ये सोडावी लागत नाही, आणि नेट मीटरिंगचे नियम उद्या बदलले तरी आपल्याला फारशी झळ लागत नाही. दोन गोष्टी आधी तपासा. छत सिमेंटच्या पत्र्यांचे असेल तर ते थेट वजन घेणार नाही, आणि पत्रे बदलण्याचा खर्च संचाच्या किमतीत धरावा लागेल. दुसरे, आपल्याला युनिटांखेरीज मागणी आकारही, म्हणजे महिन्यात एका वेळी घेतलेल्या सर्वाधिक भारावर (केव्हीएमध्ये मोजलेल्या) लागणारी रक्कम, लागत असणार. ढगाळ दुपारी लेथ, कॉम्प्रेसर आणि वेल्डिंग एकाच वेळी चालू झाले, तर त्या महिन्याची कमाल मागणी सौर संच असूनही तेवढीच नोंदली जाते. गेल्या बारा महिन्यांच्या बिलांवरची कमाल मागणी आणि पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी आलेल्या विजेचे प्रमाण) कागदावर उतरवून घ्या आणि संचाचे कोटेशन देणाऱ्याला, तो आकार किती घटेल असे धरले आहे, ते लेखी विचारा. उत्तर शून्याहून बरेच मोठे आले, तर दुसरे कोटेशन मागवा.